गायकवाडसरांची सळई

गायकवाडसर कुठल्याही बाटलीचं झाकण डोळे मिटून लावायचे. पाण्याची बाटली असो, लोणच्याची बरणी असो की सिंगापूरच्या खाऊगल्लीत, म्हणजे हॉकर सेंटरमध्ये, टेबलावरची सॉसची बाटली असो. झाकण आधी उलट्या बाजूला हळूच फिरवायचं, आत कुठंतरी बारीक 'टक्' झालं की थांबायचं, आणि मग सुलट. तेवढा वेळ चेहरा असा, की कुणी दुरून सतार वाजवतंय आणि ते ऐकतायत. झाकण बसलं की डोळे उघडायचे आणि जिथं होते तिथं परत यायचे.

चांगी बिझनेस पार्कमधल्या आमच्या ऑफिसात माझा पहिला दिवस होता. मी पाण्याची बाटली टेबलावर ठेवली आणि ती माझ्याच नेमणुकीच्या पत्रावर गळायला लागली. शेजारच्या टेबलावरून एक काळेसावळे, पांढऱ्या मिश्यांचे गृहस्थ उठले, बाटली घेतली, डोळे मिटले, झाकण लावलं आणि परत ठेवली. मग मराठीत म्हणाले, "बाटलीची चूक नाही, झाकणाचीही नाही. घाईची आहे." मी मनात म्हटलं, वा, पुणं सोडून एवढ्या लांब आले ती झाकण लावायला शिकायला! तोंडानं अर्थात थँक यू सर म्हणाले. कोथरूडच्या माणसाला मनात एक आणि तोंडात एक ठेवायला शिकवावं लागत नाही.

आमचं काम काय होतं हे मी फार लोकांना सांगत नसे. गणपतीच्या कार्यक्रमात कुणी विचारलं तर 'फिटिंग्ज' म्हणून मोकळी व्हायचे. खरं सांगायचं तर आम्ही रायफलच्या सप्रेसरची जुळवणी करायचो. सप्रेसर म्हणजे नळीच्या तोंडावर बसवायचं लांबट नळकांडं. आत आडवे पडदे, पडद्यांना मधोमध भोक. गोळी भोकातून निघून जाते, मागचा तापलेला वायू पडद्यांत अडकतो आणि आवाज कमी होतो. सिनेमात दाखवतात तसं फुस्स वगैरे काही होत नाही, आवाज होतोच, पण कान फुटत नाहीत. आता हे नळकांडं सरळ नळीवर बसत नाही. मध्ये अंगठ्याएवढा एक तुकडा लागतो. त्याची एक बाजू नळीच्या आट्यांवर फिरते आणि दुसरी सप्रेसरला धरते. दर रायफलचे आटे वेगळे, दर कंपनीच्या सप्रेसरची पकड वेगळी. कुठल्या नळीला कुठला तुकडा चालेल, हे ठरवणं एवढंच आमचं काम. ऑफिसात रायफल एकही नव्हती. परवाने घेऊन मोठी गिऱ्हाइकं, म्हणजे आजूबाजूच्या देशांतली पोलीस खाती, नुसत्या नळ्या पाठवायची आणि आम्ही तुकडे बसवून त्या परत करायचो.

सर ह्याला सोयरीक म्हणायचे. "आपण मध्यस्थ गं केतकी. मुलगा तिकडचा, मुलगी तिकडची. आपण फक्त जुळतं का ते बघायचं, आणि जुळत नसेल तर लाज न बाळगता सांगायचं." कंपन्यांच्या कॅटलॉगवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "कॅटलॉग म्हणजे पत्रिका," म्हणायचे. "पत्रिकेत सगळ्यांचेच गुण जुळतात. माणूस बघायचा तर माप घ्यावं लागतं." सर बौद्ध. पत्रिका ह्या प्रकाराची त्यांना आयुष्यभर गंमत वाटत आली होती, आणि मी माझ्या लग्नाला छत्तीसपैकी एकतीस गुण जुळले होते असं सांगितल्यावर ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

पहिल्याच आठवड्यात मी एक तुकडा नळीवर फिरवत होते. छान गेला, लोण्यासारखा. तीन वेढ्यांनंतर जड व्हायला लागला. म्हटलं, नवीन आहे, होईल सैल, आणि पाना उचलला. सरांनी मागून येऊन तो माझ्या हातातून काढून घेतला, रागावून नव्हे, झोपलेल्या मुलाच्या हातातलं खेळणं काढावं तसा. तुकडा उलटा फिरवून सोडवला आणि भिंगाखाली धरला. आटे वेगळे होते, केसाएवढा फरक. पाना लावला असता तर नळी कायमची गेली असती. "तीन आटे कुणाचेही कुणाशी जमतात," सर म्हणाले. "चौथ्याला कळतं." पुढं एकदा निखिलशी, म्हणजे माझ्या नवऱ्याशी, कडाक्याचं भांडण करून मी ऑफिसात आले होते. सरांनी चेहरा बघून एवढंच विचारलं, लग्नाचं कितवं वर्ष? चौथं, म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि मला चहा आणून दिला. इतका राग आला होता मला त्या मान डोलवण्याचा!

सगळ्यात शेवटची तपासणी सळईची. सरांकडे एक लाकडी पेटी होती, आत निळं मखमली कापड, त्यात पोलादाच्या गुळगुळीत सळया. नळीच्या भोकाहून सळई अगदी किंचित बारीक. तुकडा बसवायचा, त्यावर सप्रेसर चढवायचा आणि सळई मागून नळीत सरकवत थेट पुढच्या टोकापर्यंत न्यायची. मग खोलीतला दिवा घालवायचा, मागं छोटा दिवा धरायचा आणि पुढून बघायचं. सळईभोवती उजेडाचं बारीक कडं दिसतं, चंद्राला खळं पडतं तसं. कडं सगळीकडून सारखं दिसलं तर सगळं एका रेषेत आहे. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला नाहीसं झालं तर तुकडा तिरका बसलाय. मग गोळी आतल्या पडद्याला लागणार, आणि नळकांडं नेम धरणाऱ्याच्या तोंडापासून हाताच्या अंतरावर फुटणार. म्हणून सळई घातल्याशिवाय डबा बंद करायचा नाही, हा सरांचा एकमेव नियम. बाकी ऑफिसला उशिरा या, लवकर जा, त्यांचं काही म्हणणं नसे.

ती खोली मला अजून स्वप्नात दिसते. चारी भिंतींना आवाज पिणारा करडा स्पंज, दार लावलं की बाहेरचं जग कुणीतरी पुसून टाकल्यासारखं व्हायचं. स्वतःचा श्वास ऐकू यायचा, गिळलेला आवंढा ऐकू यायचा. जेवणाच्या सुट्टीत डबा खाऊन सर तिथं जाऊन बसायचे, हात मांडीवर, डोळे मिटून. मीही कधीकधी जाऊन बसायचे. दिवा बंद, मध्येच ते कडं लुकलुकतंय, आणि किती वेळ गेला ते कळायचंच नाही. दहा मिनिटं म्हणावीत तर पाऊण तास. बाहेर आलं की काचेपलीकडे धो धो पाऊस पडून गेलेला असायचा, रस्ते चकचकीत, आणि आम्हाला पत्ता नाही.

त्यांचा उजवा कान तरुणपणीच गेला होता. पिंपरीत वाढले, आयटीआय केलं, आणि एका छोट्या कारखान्यात नळ्यांच्या चाचणीवर लागले. दिवसभर गोळ्या झाडायच्या आणि कानात कापसाचा बोळा. तेव्हा कोण काय सांगणार! "माझ्या उजव्या कानात रातकिडे राहतात," म्हणायचे. "चाळीस वर्षं झाली, हाकलले तरी जात नाहीत. त्या खोलीत गेलो की मात्र जरा हळू बोलतात." एकदा, मी जरा आगाऊच आहे, त्यांना विचारलं, की सर, तुम्ही बुद्ध मानता आणि काम हे करता, कसं काय?  ते म्हणाले, की बंदूक मी बनवत नाही, आवाज कमी करतो. सराव करणाऱ्या पोरांचे कान वाचतात, शेजारच्या वस्तीतली बाळं झोपतात. मग म्हणाले, "उत्तर पुरं पडत नाही, मला ठाऊक आहे. पण खोटं तरी नाही."

रविवारी कधीतरी सेरंगूनला त्यांच्या फ्लॅटवर जेवायला बोलावणं असायचं. अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट, समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली मॉलच्या दिशेनं वाहणारी माणसं. शोभाकाकू भाकऱ्या थापायच्या आणि मटणाचा रस्सा असा करायच्या की काय सांगू. माझ्या घरी मटण चालत नाही. पहिल्यांदा मी नको नको म्हणत दोन वाट्या रस्सा प्यायले तेव्हा काकू म्हणाल्या, तुझ्या आईचा नंबर दे, सांगते तिला पोरगी उपाशी आहे म्हणून. जेवण झालं की सर बाल्कनीत आरामखुर्ची टाकायचे. ढगांच्या सावल्या समोरच्या इमारतींवरून सरकत जायच्या, काकू आतून काही विचारायच्या, सरांचा उजवा कान आतल्या बाजूला असायचा, त्यामुळे उत्तर यायचं नाही, मग काकू मोठ्यानं ओरडायच्या आणि सर दचकून 'अं' करायचे. मला तिथं नेहमी झोप यायची. परक्या देशात दुसऱ्याच्या घरी झोप येणं ही फार मोठी गोष्ट आहे, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

संध्याकाळी ऑफिस सुटलं की आम्ही एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनपर्यंत चालत जायचो. विमानतळ जवळच. विमानं इतकी खालून यायची की चाकं दिसायची. सर गवताच्या कडेला उभे राहायचे आणि बघायचे. पिवळा उजेड, ओलं गवत, आणि एकामागून एक विमान, कुणी झोपेत जिना उतरावा तसं सावकाश उतरतंय. मी म्हणायचे, सर चला, गाडी जाईल. ते म्हणायचे, दुसरी येते ना तीन मिनिटांनी. आयुष्यात एवढी फुरसत असलेला माणूस मी सिंगापुरात दुसरा पाहिला नाही.

आता मी जे सांगणार आहे ते सांगताना अजून माझे कान तापतात.

काकूंना डेंग्यू झाला. प्लेटलेट भराभर उतरल्या आणि सर आठवडाभर इस्पितळात बसून राहिले. नेमक्या त्याच आठवड्यात शेजारच्या एका देशातल्या पोलिसांच्या बारा नळ्या आमच्याकडे होत्या. तुकडे बसवून सप्रेसरसकट शुक्रवारी पाठवायच्या, मंगळवारी सकाळी त्यांच्या मैदानावर प्रात्यक्षिक. ते पसंत पडलं तर पुढची कित्येक वर्षं त्यांचं सगळं काम आम्हाला. मी एकटीनं बारा तुकडे बसवले. कॅटलॉग बघितला, आटे मोजले, चौथा आटाही बिनतक्रार गेला. मला फार अभिमान वाटला स्वतःचा.

आता ह्या तुकड्यांच्या पाकिटात कंपनी एक वॉशर घालते. तुकडा नुसता वापरायचा असेल तर तो वॉशर ठीक. तो दबण्यासाठीच केलेला असतो, आवळलं की चेपतो आणि तुकडा घट्ट बसतो. पण चेपताना तो सगळीकडून सारखा चेपेलच असं नाही, आणि पुढं सप्रेसर लावायचा असेल तर तेवढा तिरकेपणा टोकाला जाऊन कितीतरी वाढतो. म्हणून सप्रेसर असेल तेव्हा तो वॉशर फेकायचा आणि सपाट, घासून एकसारख्या केलेल्या पातळ चकत्या घालायच्या. सरांनी मला हे दहादा सांगितलेलं. पण हाताशी पाकीट, पाकिटात वॉशर, घातला. बाराही नळ्यांना घातला. सळई घातली असती तर लगेच कळलं असतं.

शुक्रवारी दुपारी इस्पितळातून सरांचा फोन आला. मागं घोषणा चालू होत्या, त्यांना नीट ऐकू येत नव्हतं. त्यांनी विचारलं, "सळई घातलीस ना? बाराही?"

मी म्हणाले, "हो सर."

घातली नव्हती. एकही नाही. कुरियर तीनला येणार होता, आणि संध्याकाळच्या बोटीनं मी आणि निखिल बिंतान बेटावर जाणार होतो, तिकिटं काढलेली होती. कारण म्हणून एवढंच. कुणाचा जीव जात नव्हता, कुणी माझ्या डोक्यावर उभं नव्हतं. खोटं बोलले, सरळसरळ, आणि बोलताना जीभ अडखळलीसुद्धा नाही. सरांनी फोनवरच्या माझ्या शब्दावर इस्पितळातूनच मोबाईलवर कागदाला सही केली, डबे गेले, आणि मी दोन दिवस समुद्रात डुंबून आले.

सोमवारी सर कामावर आले. डोळे खोल गेलेले, पण काकू घरी आल्या होत्या म्हणून खूश. काहीतरी शोधायला खण उघडला आणि चकत्यांचं पाकीट हातात घेऊन उभे राहिले. सीलबंद पाकीट. मग अगदी हळू आवाजात विचारलं, की बारा नळ्यांना कुठल्या चकत्या घातल्या? तुकड्यांच्या पाकिटातला वॉशर, मी म्हणाले, आणि म्हणतानाच त्यांचं ते दहादा सांगितलेलं आठवलं. त्यांनी शिल्लक राहिलेला एक तुकडा घेतला, आमच्याकडच्या नमुन्याच्या नळीवर तसाच वॉशर घालून बसवला, सप्रेसर चढवला, सळई सरकवली, दिवा घालवला. मी त्यांच्या शेजारी वाकून बघितलं. कडं एका बाजूला जाड होतं. दुसऱ्या बाजूला नव्हतंच.  सरांनी दिवा लावला, सळई पुसून पेटीत ठेवली आणि मॅनेजरकडे निघाले, मी मागोमाग. 

आमचा मॅनेजर डेरेक, इथलाच, टोआ पायोमध्ये वाढलेला, माणूस वाईट नाही. तो घाबरला. म्हणाला, कागदपत्रांत चूक आहे असं कळवू, डबे गुपचूप परत मागवू, प्रात्यक्षिक आठवडाभर पुढं ढकलू. सर म्हणाले, आणि आजच कुणी सहज म्हणून लावून बघितलं तर? डेरेक काही बोलायच्या आत त्यांनी टेबलावरचा फोन उचलला. त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे फोनवर ते नेहमी मोठ्यानं बोलायचे. सगळ्या ऑफिसनं ऐकलं. आपल्या साध्या, तुटक इंग्रजीत ते म्हणाले, "गोळी झाडू नका. चूक आमची आहे. कागदांची नाही, जोडणीची. सही माझी आहे." पलीकडे एक महिला अधिकारी होत्या. त्यांनी त्यांच्याकडची सळई घालून बघितली आणि तासाभरानं फोन केला. बारांपैकी तीन तुकडे इतके तिरके होते की गोळी आत घासलीच असती. दुसऱ्या दिवशी पहिली फेरी त्या स्वतःच झाडणार होत्या. त्या थँक यू म्हणाल्या आणि फोन ठेवला. काम अर्थातच आम्हाला मिळालं नाही.

पुढच्या आठवड्यात मुख्य कचेरीतून माणसं आली. लांब टेबल, पाण्याचे ग्लास, काचेबाहेर तीच विमानं. त्यांनी विचारलं, शेवटची तपासणी कुणाची? सर म्हणाले, सही माझी आहे. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथं नोकरी करायचा परवाना, नूतनीकरणाला गेलेला होता, निखिल माझ्या पासवर इथं आलेला, त्याला नोकरी मिळाली नव्हती. हे सगळं खरं आहे आणि ह्यातलं काहीही कारण नाही. मी तोंड उघडायला हवं होतं. मी ग्लासातलं पाणी बघत बसले. सरांच्या पासाची मुदत तीन महिन्यांत संपत होती. कंपनी तो वाढवणार नाही असं त्याच दिवशी ठरलं.

संध्याकाळी मी सेरंगूनला गेले. काकूंनी दार उघडलं, अशक्त झाल्या होत्या, तरी म्हणाल्या, आलीस, बस. सर बाल्कनीत होते. मी उभ्या उभ्या बोलून टाकलं, की सर, मी उद्या डेरेकला सगळं सांगते. त्यांनी मला बस म्हणून खूण केली. म्हणाले, डेरेकचं माझ्यावर सोड. तुला जेव्हा सांगावंसं वाटेल तेव्हा सांग, आज माझ्या तोंडाकडे बघून नको. मी तुला सांग असंही म्हणणार नाही आणि नको असंही म्हणणार नाही. उद्यापासून सळई घाल, एवढं मात्र म्हणेन. मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वॉशरचं काही नाही गं. माझ्या हातूनही झालंय. पण मी विचारलं आणि तू हो म्हणालीस, ते लागलं मला." मी आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. ह्याच्याइतकं काही लागलं नाही.

तीन महिन्यांनी ते दोघं गेले. विमानतळावर काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवला, सरांनी सळयांच्या पेटीला ओल लागू देऊ नको, इथली हवा वाईट, एवढं सांगितलं आणि काचेच्या दारापलीकडे गेले. माझा पास वाढला. निखिलला वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत नोकरी लागली. सरांचं टेबल मला मिळालं. मी प्रत्येक नळीत सळई घालायला लागले, इतकी की नवीन आलेली पोरं माझ्यामागं कुजबुजतात, मॅडम जरा खडूस आहेत. आहेच मी. पिंपरीला फोन व्हायचा महिन्यातून एकदा. सर कुंडीतल्या मिरच्यांबद्दल सांगायचे, गुडघ्यांबद्दल सांगायचे, उन्हात झोप कशी लागते ते सांगायचे. मी दर वेळी ठरवायचे, की ह्या सोमवारी डेरेककडे जायचं. सोमवार यायचा, डेरेक चांगल्या मूडमध्ये असायचा, मी म्हणायचे कशाला आता उकरून काढा. पुढच्या सोमवारी तो वैतागलेला असायचा, मी म्हणायचे आज नको. सोमवार काय, येतच राहतात. अशी तीन वर्षं गेली, आणि ती कशी गेली ते मला खरंच आठवत नाही.

मग एका दुपारी काकूंचा फोन आला. सर जेवून खुर्चीत पडले होते, चहाला उठवायला गेल्या तर उठले नाहीत. मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते, तिथंच पायरीवर बसले. सुटी घेता आली असती, तिकीट मिळालं असतं, पण काकू म्हणाल्या, अगं, तू पोचेपर्यंत सगळं झालेलं असेल, कशाला धावपळ करतेस. चार दिवस मी घरी गेले, जेवले, ऑफिसला आले, आणि कुणी काय म्हणालं ते काही डोक्यात शिरलं नाही. पाचव्या दिवशी डेरेकच्या खोलीत गेले, दार लावलं आणि सगळं सांगितलं. सळई घातली नव्हती, घातली म्हणून सांगितलं, त्या टेबलाशी गप्प बसले.

 डेरेक म्हणाला, मला माहीत आहे. गायकवाडांनी फोन केला त्याच दिवशी त्यांनी ह्याच खोलीत बसून त्याला सगळं सांगितलं होतं. माझं नाव घेऊन, काही न लपवता. तपासणी झाली नाही आणि झाली म्हणून सांगितली, असं. सही माझी आहे, मी जातो, पण तिला काढू नकोस, म्हणाले होते, आणि तिला विचारूही नकोस, ती आपणहून येईल. डेरेक म्हणाला, दर चिनी नववर्षाला त्यांचा फोन यायचा. शुभेच्छा द्यायचे आणि मग विचारायचे, केतकी आली का? मी सांगायचो, अजून नाही. ते म्हणायचे, येईल लाह, तुला काय घाई आहे? सिंगापूर सोडलं तरी त्यांनी इथल्या बोलीतलं 'लाह' सोडलं नव्हतं, असं म्हणून डेरेक हसायला गेला आणि त्याला हसता आलं नाही. ह्या वर्षीचा फोन महिन्यापूर्वीच येऊन गेला होता.

मी बाहेर येऊन काकूंना फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. काकू, मी डेरेकला सांगितलं, एवढंच म्हणाले.  त्यांनी फोन तसाच हातात धरलाय हे मला कळत होतं, त्यांच्या बांगड्या वाजत होत्या, घरात दुसरं कुणी नव्हतं. मग तोंड फोनपासून बाजूला करून, आतल्या खोलीत ऐकू जावं इतक्या मोठ्यानं त्या म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? केतकीनं सांगितलं."